अ‍ॅक्रिलिक मॅक्रोमोनोमर : किलोचा भाव आणि टोकाचा भाव

गुळाच्या खोक्यांवर आणि काकवीच्या बाटल्यांवर जी चिकट लेबले लागतात, त्यांच्यासाठीचा सॉल्व्हंटमधला अ‍ॅक्रिलिक गम आम्ही कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत तयार करतो. या गमाची धरून ठेवण्याची ताकद वाढवण्यासाठी गेल्या हंगामात आम्ही दोन प्रकारचे अ‍ॅक्रिलिक मॅक्रोमोनोमर विकत घेऊन वापरून पाहिले. त्या मालाचे हे परीक्षण आहे. उत्पादक कंपन्यांची नावे देण्याऐवजी मी दोन्ही मालांची रासायनिक घडण सांगणार आहे, कारण घडण समजली की कोणत्याही कंपनीचा माल त्याच कसोट्यांवर घासून पाहता येतो.

मॅक्रोमोनोमर म्हणजे अशी पॉलिमर साखळी (मोनोमर नावाचे छोटे रेणू एकामागून एक जोडून बनलेली), जिच्या एका टोकाला पुन्हा पॉलिमरीकरणात भाग घेऊ शकणारा दुहेरी बंध असतो. आम्ही घेतलेला पहिला माल हा मिथाइल मेथॅक्रिलेटची, म्हणजे ज्यापासून अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक शीट बनते त्याच मोनोमरची, सुमारे ६००० सरासरी रेणुभाराची साखळी आहे. मिथाइल मेथॅक्रिलेटचा रेणुभार १०० असल्याने एका साखळीत साधारण साठ घटक येतात, आणि शेवटी एक मेथॅक्रिलेट गट. हा माल ब्यूटाइल अ‍ॅक्रिलेट किंवा २-एथिलहेक्झाइल अ‍ॅक्रिलेटसारख्या मऊ मोनोमरबरोबर रिअ‍ॅक्टरमध्ये घातला, की मुख्य साखळी मऊ राहते आणि तिला अधूनमधून कडक फांद्या फुटतात. पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटचे काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखा कडक आणि वर मऊ असतो) सुमारे १०५ अंश, तर पॉलिब्यूटाइल अ‍ॅक्रिलेटचे उणे ५४ अंशांच्या आसपास असते. छोट्या फांद्यांच्या बाबतीत पहिला आकडा काहीसा खाली येतो, पण खोलीच्या तापमानाला त्या कडकच राहतात. हे दोन पॉलिमर एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे सॉल्व्हंट उडून गेल्यावर फांद्या आपापसांत जमून अतिसूक्ष्म कडक गाठी तयार होतात आणि त्या गाठी मऊ साखळ्यांना जागेवर बांधून ठेवतात. क्रॉसलिंकर (साखळ्यांना रासायनिक बंधाने एकमेकींशी जोडणारा पदार्थ) न घालता क्रॉसलिंकचा परिणाम मिळतो, आणि आमच्यासारख्या कारखान्याला या मालाचे खरे आकर्षण तेच आहे.

नेहमीच्या पद्धतीत गमात थोडे अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड घेतात आणि कोटिंगच्या आधी अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट किंवा आयसोसायनेट मिसळतात. विशेषतः आयसोसायनेट मिसळल्यापासून भांड्यातला गम घट्ट होऊ लागतो, मशीन थांबले की उरलेला माल वाया जातो, आणि पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यामुळे आयसोसायनेटचे प्रमाण नेमके राहत नाही. कोल्हापूरचा जुलै ज्याने कोटिंग मशीनशेजारी उभा राहून काढला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मॅक्रोमोनोमरच्या गमात ही अडचण मुळातच नाही. सकाळी भांड्यात ओतलेला गम संध्याकाळी तसाच वापरता आला.

आता हिशेबाकडे वळतो, कारण या मालाबद्दलचे बहुतेक गैरसमज हिशेब न केल्यामुळे होतात. शंभर ग्रॅम मिश्रणात वीस ग्रॅम मॅक्रोमोनोमर आणि ऐंशी ग्रॅम ब्यूटाइल अ‍ॅक्रिलेट घेतले, तर वजनाने हे प्रमाण मोठे वाटते. पण मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या हिशेबाने, मोजले तर २० भागिले ६००० म्हणजे ०.००३३ आणि ८० भागिले १२८ म्हणजे ०.६२५. याचा अर्थ ब्यूटाइल अ‍ॅक्रिलेटच्या सुमारे १८७ घटकांमागे एक फांदी. तयार पॉलिमरचा सरासरी रेणुभार १,००,००० असेल, तर त्यातला २०,००० इतका वाटा फांद्यांचा, म्हणजे प्रत्येक साखळीला सरासरी तीनच्या थोड्या वर फांद्या. ज्या साखळीला एकही फांदी नाही ती बांधली जात नाही. जिला एकच आहे ती एका टोकाने लोंबकळते. भार पेलायला किमान दोन फांद्या हव्यात. सरासरी तीन असली, तरी सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या आहेत असे धरूनसुद्धा योगायोगाच्या नियमाने सुमारे पाचवा भाग साखळ्यांना शून्य किंवा एकच फांदी मिळते. प्रत्यक्षात लांबी कमीजास्त असल्यामुळे हा वाटा आणखी वाढतो.

यातून जो व्यवहारी निष्कर्ष निघतो तो पुरवठादार सांगत नाहीत. मुख्य साखळी ३,००,००० रेणुभारापर्यंत नेली, तर अवघ्या सहा टक्के मॅक्रोमोनोमरमध्येही सरासरी तीन फांद्या मिळतात. म्हणजे ताकद हवी असेल तर महाग माल वाढवत नेण्याआधी मुख्य साखळी लांब करावी : इनिशिएटर (साखळी सुरू करणारा पदार्थ) कमी करावा, मोनोमरची तीव्रता जास्त ठेवावी आणि साखळी तोडणारे सॉल्व्हंट टाळावे. याची किंमत चिकटपणात, म्हणजे द्रावणाच्या व्हिस्कॉसिटीत, मोजावी लागते. गम जाड होतो आणि कोटिंगसाठी जास्त एथिल अ‍ॅसिटेट घालून पातळ करावा लागतो. वीस टक्क्यांच्या बॅचमध्ये पकड उत्तम होती, पण बोटाला पहिल्या स्पर्शात जो चिकटा जाणवायला हवा तो इतका कमी झाला की काकवीच्या एचडीपीई (उच्च घनतेच्या पॉलिएथिलीन प्लास्टिकच्या) बाटलीवर लेबल नुसते टेकवून बसेना. एचडीपीईचा पृष्ठभाग मुळातच गमाला सहजासहजी धरू देत नाही, तिथे गम मऊच लागतो. शेवटी पाच ते आठ टक्के ही पट्टी आम्हाला योग्य वाटली आणि आज आमचे सगळे काम त्याच पट्टीत चालते.

पकड मोजण्याची पद्धत सोपी आहे. स्टीलच्या पाटीवर पंचवीस मिलिमीटर लांब-रुंद एवढ्या जागेत पट्टी चिकटवायची, तिला एक किलोचे वजन टांगायचे आणि ती किती वेळाने निसटते ते पाहायचे. बिनक्रॉसलिंकच्या साध्या गमाची पट्टी दुपारच्या जेवणापर्यंतही टिकत नसे. तिच्या खालच्या कडेला आधी गमाचे केसासारखे तंतू ताणलेले दिसत, मग पट्टी हळूहळू खाली सरके. सात टक्क्यांच्या बॅचची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर होती आणि तिच्या खालच्या कडेला तंतूचा मागमूस नव्हता. आमचा कोटिंग ऑपरेटर ती पाहून म्हणाला, "साहेब, ही घसरत न्हाई बघा आता." बाटलीच्या गोलाईवर लेबलाची कड उचलली जाणे हेही याच दोषाचे दुसरे रूप आहे. सरळ होऊ पाहणारा कागद गमाला सतत ओढत राहतो आणि आतून बांधलेला नसलेला गम त्या ओढीला हळूहळू शरण जातो. मार्चच्या उन्हात ठेवलेल्या बाटल्यांवर हा फरक सर्वांत स्पष्ट दिसला.

मॅक्रोमोनोमर घालण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. त्याच्या टोकाचा गट मेथॅक्रिलेटचा आणि सोबतचा मोनोमर अ‍ॅक्रिलेटचा असल्यामुळे, वाढणारी अ‍ॅक्रिलेट साखळी मेथॅक्रिलेटला अडीच ते तीन पट आवडीने जोडून घेते. साखळीच्या लांबीमुळे ही आवड थोडी मंदावते, पण दिशा बदलत नाही. सगळा माल सुरुवातीलाच रिअ‍ॅक्टरमध्ये ओतला, तर आधी बनणाऱ्या साखळ्यांना भरपूर फांद्या आणि शेवटच्या साखळ्यांना जवळजवळ एकही नाही, अशी विषम विभागणी होते. म्हणून आम्ही मॅक्रोमोनोमर एथिल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवून त्याचा मोठा भाग मोनोमरसोबत रिफ्लक्सवर, म्हणजे द्रावक उकळत आणि त्याची वाफ थंड होऊन परत पडत असताना, सावकाश सोडतो. पावडर विरघळवताना ढवळणे आधी सुरू करून मग ती थोडी थोडी टाकावी, नाहीतर बाहेरून फुगलेल्या आणि आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात आणि त्या सुटायला अर्धी पाळी जाते. हाच माल टोल्यूईनमधील द्रावणाच्या रूपातही मिळतो. तो वापरायला सोपा आहे, पण खाद्यपदार्थाच्या लेबलात टोल्यूईनचा अंश राहू नये असे माझे ठाम मत असल्याने आम्ही पावडरच घेतो.

आता मालाच्या शुद्धतेबद्दल, कारण याच ठिकाणी ग्राहकाची फसगत होण्याची शक्यता सर्वाधिक असते. हा माल बहुधा दोन पायऱ्यांत बनतो. आधी मिथाइल मेथॅक्रिलेटचे पॉलिमरीकरण थायोग्लायकोलिक अ‍ॅसिडच्या उपस्थितीत करतात, त्यामुळे साखळीच्या एका टोकाला कार्बॉक्झिलिक गट येतो. मग त्या गटावर तृतीयक अमाइनच्या साहाय्याने ग्लिसिडिल मेथॅक्रिलेट जोडतात. इपॉक्सी वलय उघडते आणि टोकाला दुहेरी बंध बसतो. दुसरी पायरी अपुरी राहिली, तर काही साखळ्या अ‍ॅसिडच्याच टोकाने उरतात आणि त्या आपल्या पॉलिमरला कधीच जोडल्या जात नाहीत.

हे तपासायला मोठे यंत्र लागत नाही. ६००० रेणुभाराच्या अ‍ॅसिडटोकी साखळीचे आम्लमूल्य (एका ग्रॅम मालातले आम्ल उदासीन करायला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे मिलिग्रॅम) ५६,१०० भागिले ६०००, म्हणजे सुमारे ९.३५ असते. तयार मालाचे आम्लमूल्य ०.३ आले, तर तीन टक्क्यांच्या आसपास टोके बंद व्हायची राहिली आहेत. मात्र एवढ्या कमी आम्लमूल्यासाठी दहा ग्रॅम नमुना घेतला, तरी ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड अर्ध्या मिलिलिटरच्या आसपासच लागते आणि ब्युरेटवर ते धड वाचता येत नाही. म्हणून ०.०२ नॉर्मलचे द्रावण करावे आणि सॉल्व्हंटचे कोरे टायट्रेशन वेगळे काढून वजा करावे. आमच्या पहिल्या मालाने ही परीक्षा चांगली पार केली. तरीही आम्लमूल्य सगळे सांगत नाही. ज्या साखळ्या थायोलऐवजी (इथे थायोग्लायकोलिक अ‍ॅसिडऐवजी) इनिशिएटरच्या तुकड्यापासून सुरू झाल्या त्यांना अ‍ॅसिडचे टोक नसतेच, त्यामुळे त्या टायट्रेशनमध्ये दिसत नाहीत आणि त्यांना दुहेरी बंधही नसतो. त्यांच्यासाठी एनएमआर (रेणूतील हायड्रोजनचे शेजार ओळखणारी चुंबकीय तपासणी) लागतो. ५.६ आणि ६.१ पीपीएमच्या आसपासचे दुहेरी बंधाचे हायड्रोजन, ३.६ पीपीएमच्या मेथॉक्सी हायड्रोजनशी ताडून पाहायचे असतात. साठ घटकांच्या साखळीत मेथॉक्सीचे १८० हायड्रोजन आणि दुहेरी बंधाच्या प्रत्येक खुणेचा एकेकच, म्हणून घाईत घेतलेल्या आलेखावर विश्वास ठेवू नये.

कारखान्यात करण्याजोगी आणखी एक कसोटी मला फार उपयोगी वाटली. तयार गम काचेवर ओढून वाळवावा आणि काळ्या कागदावर धरून पाहावा. फांद्यांच्या गाठी काही दहा नॅनोमीटर मापाच्या असतात, त्या प्रकाश विखुरत नाहीत आणि थर स्वच्छ दिसतो. न जोडलेला पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट मात्र मोठ्या पुंजक्यांत वेगळा पडतो आणि थराला दुधाळ छटा येते. टोके ऐंशी टक्केच बरोबर असलेला माल वीस टक्के प्रमाणात वापरला, तर शंभर ग्रॅममागे चार ग्रॅम पदार्थ नुसता भराव म्हणून उरतो. तो चिकटा कमी करतो आणि ताकद मुळीच वाढवत नाही. म्हणून मी या मालाचा भाव किलोवर काढत नाही. एका किलोत दुहेरी बंध असलेली किती टोके मिळतात त्यावर काढतो. त्याच न्यायाने ३००० रेणुभाराचा माल दुप्पट टोके देतो म्हणून स्वस्त वाटेल, पण फांद्या आखूड पडल्या की त्या मऊ साखळीपासून नीट वेगळ्या होत नाहीत आणि गाठी कच्च्या राहतात. आमच्या कामाला ६००० च्या आसपासचा मालच मानवला.

दुसरा माल स्वस्त होता आणि कागदावर पहिल्यासारखाच दिसत होता : तेच मोनोमर, जवळपास तोच रेणुभार. त्याची घडण मात्र वेगळ्या वाटेने झालेली आहे. सोव्हिएत संघात १९७५ च्या सुमारास असे आढळले, की कोबाल्टची काही संयुगे अत्यल्प प्रमाणात घातली तर मेथॅक्रिलेटच्या वाढत्या साखळीतून एक हायड्रोजन काढून घेऊन ती साखळी दुहेरी बंधाच्या टोकासह मोकळी करतात आणि तोच हायड्रोजन नव्या साखळीला देतात. थायोल नाही, त्याचा उग्र वास नाही, ग्लिसिडिल मेथॅक्रिलेट हाताळण्याचा धोका नाही, दुसरी पायरी नाही. जवळजवळ प्रत्येक साखळीला दुहेरी बंध मिळतो. रसायनशास्त्र म्हणून ही पद्धत मला अतिशय देखणी वाटते. पण इथला दुहेरी बंध साखळीच्या शेवटच्या घटकावरच असतो आणि त्याला साखळीचा जाड शेजार लाभलेला असतो. मेथॅक्रिलेट मोनोमरसोबत वापरल्यास वाढती साखळी या बंधाला जोडली जाते, पण लगेच तुटून दुसरे टोक मोकळे करते. फांदी बसण्याऐवजी साखळीच तुटते आणि हा माल फांदी देणारा न राहता साखळी आखूड करणारा पदार्थ बनतो. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात याच तुटण्याचा उपयोग करून ब्लॉक कोपॉलिमर (दोन वेगळ्या मोनोमरांचे सलग तुकडे जोडलेली साखळी) बनवले, आणि १९९८ मध्ये जाहीर झालेल्या राफ्ट या नियंत्रित पॉलिमरीकरणाच्या पद्धतीची वाट तिथूनच पुढे गेली.

अ‍ॅक्रिलेटसोबत कमी तापमानाला या मालापासूनही फांद्या मिळतात, परंतु वेग मंदावतो. आमच्या रिफ्लक्सच्या परिस्थितीत तयार गम स्पष्टपणे पातळ आला, म्हणजे मुख्य साखळी आखूड राहिली, आणि वर सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे प्रत्येक साखळीमागच्या फांद्याही घटल्या. टांगलेले वजन पहिल्या मालाइतके टिकले नाही. मालाला फिकट पिवळसर झाकही होती. पांढऱ्या कागदाच्या लेबलात ती दिसत नाही, पण पारदर्शक फिल्मच्या लेबलाला हा माल मी घेणार नाही. हा दोष मालाचा आहे असे मी म्हणत नाही. तो आमच्या कामासाठी नाही, एवढेच. रंगासाठी नियंत्रित रेणुभाराचे अ‍ॅक्रिलिक रेझिन बनवणाऱ्याला तोच माल लाभदायक ठरू शकतो. दोष पुरवठादाराचा होता. "दोन्ही एकच आहेत, हा फक्त स्वस्त आहे" असे सांगून त्याने तो दिला आणि माहितीपत्रकात टोकाच्या गटाबद्दल एक ओळही नव्हती. ज्या पदार्थाचे सगळे मोल टोकात आहे, त्याच्या कागदावर टोकाचाच उल्लेख नसणे मला अक्षम्य वाटते.

या पदार्थांचा इतिहासही खरेदीदाराने थोडा जाणून घ्यावा, त्यामुळे कोणत्या वाटेचा माल समोर आहे ते ओळखता येते. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय कंपनीतील संशोधकांनी एरंडेलापासून मिळणाऱ्या १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्लाची छोटी साखळी करून तिला ग्लिसिडिल मेथॅक्रिलेटचे टोक लावले आणि रंगातील सूक्ष्म अ‍ॅक्रिलिक कण पाण्याऐवजी पेट्रोलियम द्रावकात तरंगते ठेवले. जगात सर्वाधिक एरंडी पिकवणाऱ्या आपल्या देशात हा धागा अधिक पुढे न्यायला हवा होता असे मला मनापासून वाटते. मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ मध्ये दाखवलेल्या 'जिवंत' (ज्यात साखळीची वाढ आपोआप संपत नाही अशा) पॉलिमरीकरणाच्या आधारे राल्फ मिल्कोविच यांनी अमेरिकेत पॉलिस्टायरीनच्या साखळीला मेथॅक्रिलेटचे टोक बसवले. त्यांचे पेटंट १९७४ चे आहे. त्या मालात साखळ्यांची लांबी जवळजवळ एकसारखी असते, पण त्यासाठी लागणारी ओलावारहित शिस्त महाग पडते.

गमाखेरीज आम्ही एक छोटा प्रयोग रंगद्रव्य विखुरण्यासाठी केला, कारण शिरोलीच्या फाउंड्र्यांना कास्टिंगवर मारायचा प्रायमर पुरवणारे आमचे एक ग्राहक काजळीच्या गुठळ्यांनी त्रासले होते. मुख्य साखळीत डायमिथाइलअमिनोएथिल मेथॅक्रिलेट घेतले की ती काजळीला धरून ठेवते आणि फांद्या द्रावकात पसरून कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात, अशी ही फणीसारखी रचना आहे. दळण्याचा वेळ घटला आणि डब्यात तळाला बसलेला थर काठीने सहज सुटला. टनांच्या हिशेबात मोठा वापर मात्र काँक्रीटमध्ये आहे. पॉलिएथिलीन ग्लायकोलच्या मेथॅक्रिलेट मॅक्रोमोनोमरपासून बनणारी पॉलिकार्बॉक्झिलेट मिश्रके जपानमध्ये १९८० च्या दशकात पुढे आली आणि आज कमी पाण्याचे वाहते काँक्रीट बहुधा त्यांच्याच आधारे होते.

पहिल्या मालाची मी शिफारस करतो, पण सरसकट नाही. ज्यांची लेबले किंवा टेप शंभर अंशांच्या जवळ तापतात, किंवा ज्यांवर पेट्रोल आणि थिनर सांडतो, त्यांनी तो घेऊ नये. या गाठी रासायनिक बंधाच्या नाहीत, त्या उष्णतेने आणि द्रावकाने सुटतात. तिथे आयसोसायनेटसारखा रासायनिक क्रॉसलिंकरच हवा. लहान कारखान्याने हा माल स्वतः बनवण्याच्या फंदातही पडू नये. थायोग्लायकोलिक अ‍ॅसिडचा वास शेजाऱ्यांना असह्य होतो आणि ग्लिसिडिल मेथॅक्रिलेट आरोग्याला घातक आहे. खरेदी करताना टोकांची टक्केवारी, ती कोणत्या पद्धतीने मोजली ते, आम्लमूल्य आणि इनहिबिटरचे (साठवणीत माल आपोआप जुळू न देणाऱ्या पदार्थाचे) नाव व प्रमाण, हे बॅचगणिक लेखी मागावे. आम्हाला मागितल्यावर मिळाले, आपणहून मिळाले नाही.

साठवणीबद्दल एक बारकावा. इनहिबिटर एमईएचक्यू (हायड्रोक्विनोनचा मिथाइल ईथर) असेल, तर त्याला काम करायला हवेतला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरून बंद केलेला ड्रम सुरक्षित राहील या समजुतीने काही जण हवा काढून टाकतात, ते करू नये. द्रावणाच्या ड्रमवर थोडी हवेची जागा सोडावी आणि तो पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलभर ठेवू नये. पावडर कोरड्या खोलीत जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर ठेवली, की आमच्याकडे एक पावसाळा बिनतक्रार निघाला.